यामिनीची कोरी पेटी

आमच्या क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरातल्या मराठी मंडळींत यामिनी जगदाळेचं नाव निघालं की कुणीतरी हसतंच. "ती गं, खोकीवाली!" मला या हसण्याचा मनापासून राग आहे. तो एकदा कुठेतरी काढायचाच होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

यामिनी चित्रपटांच्या डिस्क जमवते. यात हसण्यासारखं काही नाही. कुणी नाणी जमवतं, कुणी नातेवाइकांच्या चुका जमवतं. पण यामिनीचा जीव डिस्कपेक्षा तिच्या वेष्टनावर आहे. प्लास्टिकच्या डबीवर पुठ्ठ्याचं एक पातळ आवरण चढवलेलं असतं, त्याला ही जमवणारी मंडळी स्लिपकव्हर म्हणतात. त्याचा कोपरा दबता कामा नये, कड झिजता कामा नये, त्यावर बोटाचा ठसा उमटता कामा नये. म्हणून त्याच्यावर आणखी एक पारदर्शक पिशवी, अंगाबरोबर शिवलेल्या ब्लाउजसारखी मापात. साबणाने हात धुवायचे, पुसायचे, खडखडीत कोरडे करायचे आणि मगच फडताळाला हात लावायचा. चिवड्याची बशी त्या फडताळांच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. इथल्या घरांच्या भिंतींना ओल धरते, म्हणून बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या ती गोळा करते. आमच्या घरचे सगळे बूट तिच्या कामी आले आहेत.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणाला माझ्या नवऱ्याने, आशिषने, सगळ्यांसमोर तिला सल्ला दिला. "अगं, आता सगळं ऑनलाइन मिळतं यार. डिस्क एका फोल्डरमध्ये घाल आणि खोकी टाक ना रिसायकलिंगमध्ये. एक रूम मोकळी होईल."

यामिनीने वरणभात कालवता कालवता विचारलं, "तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढलंस का रे, आशिष?"

त्याने पापड हातात घेतला. काढलेलं नव्हतं. नव्हे, आमच्या रिमोटला पुण्याहून आणलेलं वेगळं जाकीट आहे. सोफ्यावर चादर आहे आणि चादरीवर आणखी एक चादर. पाहुण्यांचे कप काचेच्या कपाटात आहेत, आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना रोजच्याच कपात चहा देतो. अशी आपण माणसं, आणि हसतोय कुणाला, तर यामिनीला! त्या दिवशी मी उघडपणे तिच्या बाजूची झाले आणि घरी येऊन रिमोटचं जाकीट काढलं. आशिषने ते दुसऱ्या दिवशी परत चढवलं.

आम्ही दोघी एकाच बिझनेस पार्कमध्ये कामाला आहोत, एकाच गाडीने जातो-येतो. ती सॉफ्टवेअर तपासते. रिलीजच्या आदल्या दिवशी तिचा मॅनेजर म्हणतो, "अरा, इट्स ग्रँड, यामिनी." इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे 'ठीक आहे, चालेल'. ती म्हणते, "इट इज नॉट ग्रँड," आणि सही करत नाही. घरी आलेल्या पार्सलचा कोपरा चेपलेला दिसला तर ते दारातूनच परत. कुरियरवाला आता बेल वाजवायच्या आधी स्वतःच चारी कोपरे तपासतो.

"तुला एवढं कोरं लागतं तरी कशाला?" एकदा गाडीत मी विचारलं.

ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली, मग म्हणाली, "शुभदा, मी धाकटी. फ्रॉक शिवायचे ते अस्मिताताईला. आई नव्या फ्रॉकच्या आतल्या घडीला कुंकवाचं बोट लावायची, मगच तो अंगात घालायचा. दोन वर्षांनी तो माझ्याकडे. रंग गेलेला, पण घडीत तो कुंकवाचा डाग तसाच. फ्रॉक, दप्तर, कंपास, सगळ्यावर आधी ताईचं कुंकू. आमच्या घरात कुणाचा राग नव्हता माझ्यावर. पण कोरं असं माझ्या वाट्याला काही आलंच नाही. आता मी कमावते. आता माझ्याकडे येईल ते कोरंच येईल, आणि माझ्याकडे कोरंच राहील. हसू दे कुणाला हसायचं ते."

मी त्यानंतर तिला कधी 'कशाला' म्हणून विचारलं नाही.

गेल्या वर्षी तिचे वडील आले. बाळासाहेब जगदाळे, म्हणजे आबा, कराडच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, पहिल्यांदाच देशाबाहेर. यामिनीची आई जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. आता तरी खोकी हलवशील, असं सगळ्यांनी तिला सुचवून पाहिलं. तिने आबांना स्वतःची मोठी खोली दिली आणि आपण फडताळांच्या खोलीत जमिनीवर गादी टाकली.

आबांनी ती खोली दारातूनच पाहिली आणि मला विचारलं, "ह्यात कपडे कुठं ठेवती ही?"

"यात सिनेमे आहेत, आबा."

"एवढे? आन् बघती कवा?"

"बघते की. रविवारी."

"मग बाकीचे सहा दिस नुसती पुसती व्हय?" म्हणाले आणि कालव्याकडे फिरायला गेले. तिथे कुत्री फिरवणाऱ्या आयरिश म्हाताऱ्यांशी त्यांची दोस्ती जमली होती. कुणी कुणाची भाषा बोलत नसे.

पण त्या वर्षी यामिनीचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. शेजारच्या टॅला गावात दर ऑक्टोबरात डिस्क जमवणाऱ्यांचा मेळावा भरतो. तिथे दारासमोरच्या टेबलावर फक्त निर्दोष पेट्या, म्हणजे आवरणासकट डबे, मांडतात आणि त्यांतल्या एकीला बक्षीस देतात. आदल्या वर्षी नखाएवढ्या खुणेपायी तिची पेटी मागच्या टेबलावर गेली होती आणि ते ती विसरली नव्हती. या खेपेला तिच्याकडे एका जुन्या आयरिश कृष्णधवल चित्रपटाची पेटी होती. मोजक्याच निघालेल्या प्रतींपैकी एक, आणि आवरण पांढरंशुभ्र. इतकं, की श्वास लागला तरी डाग पडेल असं वाटावं. दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा तिला मनासारखी मिळाली होती. "या वेळी पुढचं टेबल," ती मला रोज गाडीत सांगायची. "बघू कोण खोकीवाली म्हणतं."

मेळावा रविवारी होता. दसरा आला गुरुवारी.

दसऱ्याला इथे सुट्टी नसते. संध्याकाळी दोघी परत आलो तर घरात उदबत्तीचा वास. आबांनी बैठकीत चादर अंथरून पूजा मांडली होती. डेपोत जन्मभर पाने, जॅक आणि अख्ख्या गाड्या पुजलेला माणूस. रिकाम्या हाताने दसरा कसा करणार? सुरी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, यामिनीचा जुना लॅपटॉप. सगळ्यावर हळदकुंकू, सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीचं एकेक फूल. आणि मधोमध, पाटावर, पांढरी पेटी.

पिशवीतून बाहेर काढलेली. कोपऱ्यावर कुंकवाचं ओलं बोट, शेजारी हळदीचं.

यामिनीने बॅग खाली टाकली. "आबा, हे काय केलंत?"

"पूजा. बरं झालं आलीस, नारळ वाढवू."

"पेटीला का हात लावलात? ती पिशवीत होती! पिशवीतून का काढलीत?"

"पिशवीला कुंकू लावून काय करू? पिशवी बाहेरची. वस्तूला लावाय पायजे."

"माझी एक वस्तू!" तिचा आवाज चिरकला. "तीन महिने मी तिला बोट लागू दिलं नाही. रविवारी पुढच्या टेबलावर जायची होती ती. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

खरं सांगते, मला त्या क्षणी म्हाताऱ्याचा राग आला. विचारायला काय झालं होतं? फोन होता ना हाताशी?

आबा गोंधळले. धोतरासारखा पायजमा सावरत पाटासमोर बसले आणि पेटीकडे बघत म्हणाले, "कुणी सांगाय कशाला लागतंय? कोऱ्याला कुंकू लावल्याबिगर वापरू न्हाई. तुझी आई समद्याला लावायची. अस्मीच्या फ्रॉकला, अस्मीच्या दप्तराला." थांबले. "तुझं कोरं काय नसायचंच, तर तुला लावणार कशाला? मला ते कळत व्हतं गं. पर जमत नव्हतं. हितं येऊन बघितलं, तर खोलीभर समदं कोरं, समदं तुझं, आन् एकालाबी बोट लावल्यालं न्हाई. तुझी आई असती तर तिनं आल्या आल्या लावलं असतं. ती न्हाई, म्हणून म्या लावलं. तुझ्या सगळ्यात आवडीच्या पेटीला."

मला रडू आलं. यामिनी उभ्याउभ्याच रडत होती, अगदी नाक ओढत, लहान मुलीसारखी. मग ती आत गेली. नळाचा आवाज आला. हात धुऊन, पुसून, कोरडे करून ती आली आणि आबांच्या शेजारी बसली.

"फोडा नारळ," म्हणाली.

रविवारी मी समजत होते की पेटी घरी राहणार. पण गाडीत ती पुढच्या सीटवर आबांच्या मांडीवर होती, नव्या पिशवीत, कोपऱ्यावर वाळलेलं कुंकू घेऊन. टॅलाच्या हॉलमध्ये यामिनी सरळ दारासमोरच्या टेबलाशी गेली आणि ती मधोमध ठेवली.

मेळावा भरवणारा डेक्लन चांगला माणूस. चष्मा वर करून त्याने बघितलं आणि हळहळला. "अरेरे, यामिनी. काय झालं हे? खोडरबराने जाईल बहुतेक. बघू का?"

"हात लावू नकोस," यामिनी त्याला इंग्रजीत म्हणाली. "तो डाग नाही. आमच्यात नवी वस्तू आपली झाली की घरातलं मोठं माणूस तिला हे लावतं. माझ्या वडिलांनी लावलंय."

"ते ग्रँडच आहे गं. पण हे टेबल जशीच्या तशी राहिलेल्या पेट्यांचं. दुकानातून आल्यासारख्या."

"मग बघ ना. या सगळ्या अजून दुकानाच्याच आहेत. एवढी एकच माझी आहे." आवाज चढला तशी आजूबाजूची चारदोन डोकी वळली. "नियमात बसत नसेल तर नियम मागच्या टेबलावर ठेव. ही इथून हलणार नाही."

डेक्लनने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून कसली मदत? मी पेटीच्या शेजारी माझी पर्स ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिले. नंबरबिंबर अर्थातच मिळाला नाही. ते पारितोषिक लिमरिकच्या कुणा गृहस्थांच्या पेटीला गेलं. पण पांढरी पेटी संध्याकाळपर्यंत पुढच्या टेबलावरून हलली नाही.

कारण तिथे आबा खुर्ची टाकून बसले होते. दुपारी सँडविच खाता खाता एक उंच, दाढीवाला गृहस्थ टेबलाशी आला आणि वाकून पेटीकडे हात नेऊ लागला. आबा ताडकन उभे राहिले, डेपोत नव्या पोराला अडवावं तसा त्यांनी हात आडवा केला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लेकीला हाक मारली.

"यामे! त्याला म्हणावं, आधी हात धुऊन ये!"