डब्ब्यावरचे कवेलू

लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या ह्यांनी मला न विचारता एक घर विकत आणलं. आणलं म्हणजे खरोखरच आणलं, ट्रकमधून. खापरखेड्याकडच्या एका बांधकामावर साहेब लोकांसाठी उभारलेलं तयार घर होतं ते. काम संपल्यावर लिलावात निघालं. सिमेंटच्या पत्र्यांच्या भिंती, वर जवळजवळ सपाट टिनाचं छत, सगळं नट-बोल्टांनी जोडलेलं. भिंतींवर इंग्रजी आकडे रंगवले होते. जोडताना सहा आणि नऊची अदलाबदल झाली आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट रस्त्यावर उघडू लागली. नागपूरच्या दक्षिणेला, जिथे तेव्हा शेतंच शेतं होती, आमच्या प्लॉटवर ते उभं राहिलं. वस्तीत त्याला सगळे डब्बा म्हणायचे. मी चिडायचे, पण मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते.

मला त्या घराकडून एकच हवं होतं. आई गेल्यापासून बाबा मौद्याजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. मी त्यांची एकुलती एक. स्वतः भाकरी थापून खाणारे बाबा आठवले की शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू थांबायचा. मे महिन्यात मोठ्या मिनतवारीनं त्यांना घेऊन आले, तर तिसऱ्याच दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभे.

"काहून बाबा, काय झालं?"

"बाई, मी का पापड आहो? तुह्या घरात भाजून राहिलो ना मी. ज्या छपराले उतार नाही, त्याच्याखाली माणूस राहत नाही."

जन्मभर त्यांनी गावाची छपरं घातली होती, त्यामुळे या विषयात त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. गेले. मी दोन दिवस ह्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी हेच शरण आले. म्हणाले, "टिन काढाचं नाही. त्याच्यावरच दुसरं छप्पर चढवू, चांगलं उताराचं. मधातून हवा खेळन. बाबालेच माप विचार."

बाबांचं पोस्टकार्ड आलं. मधले खांब टिनापासून पाच हात उंच घ्या, कवेलू, म्हणजे कौलं, घालायला मी स्वतः येतो. मिस्त्री वस्तीतलाच होता, चांगला सहा फुटांवर उंच. त्यानं पोस्टकार्ड वाचलं, कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत पाच हात मोजले आणि खांब कापले. आठवड्याभरानं बाबा आले. बाबा चणीनं अगदी लहान. अंगणात उभे राहून त्यांनी वर पाहिलं, ते पाहतच राहिले.

"कोणाच्या हातानं मोजलं गा?"

"माह्या," मिस्त्री म्हणाला. "तुमचा हात गावाले होता न बाबाजी."

छप्पर चांगलं वीतभर उंच झालं होतं. वासे ठोकून झालेले, पावसाळा तोंडावर आलेला. आता ते उतरवणं शक्य नव्हतं. बाबा चार दिवस मिस्त्रीशी भांडले आणि भांडत भांडतच दोघांनी मिळून कवेलू रचले. शेजारीण बघायला आली. म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या घराले टोपी मोठी झाली वं." झाली असेल. पण दोन छपरांमधून वारा जायला लागला आणि भर दुपारी खाली बसवू लागलं.

काम संपलं तशी बाबांनी पिशवी भरायला घेतली. मी वाटच अडवली.

"आता त उतार आहे न?"

"आहे न. जास्तच आहे. कवेलू घसरतीन खाली. एक पाऊस पाहून जातो."

खरंच घसरले. बाबांनी ते चढून नीट बसवले. मग आणखी एक पाऊस बघायचा ठरला, मग पोळा झाला, मग दिवाळी. उन्हाळ्यात कवेलू फेरायचे असतात, म्हणजे सगळे उतरवून, फुटके काढून पुन्हा रचायचे. त्यासाठी पुन्हा मुक्काम. "मी राहतो" असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. लेकीच्या घरी राहायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. कामासाठी थांबणं वेगळं. मेमधला तो पापड म्हणजे निव्वळ बहाणा होता, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या वर्षी पंचाईत झाली. बाबांनी कवेलू इतके पक्के बसवले की अर्धा पावसाळा सरला तरी एकही हलेना. एके दिवशी पिशवी खुंटीवरून खाली आली. शाळेत निघायच्या आधी मी घरामागे स्टूल ठेवलं, चिंचा पाडायची आकडी घेतली आणि एका कवेलूला खालून दिला ढोसा. दुपारच्या पावसाचं पाणी टिनावर पडलं आणि बोल्टच्या भोकातून थेट माझ्या चुलीपाशी आलं.

"बाबा, घर गळून राहिलं!" मी एवढ्या आनंदानं ओरडले की हे माझ्याकडे बघतच राहिले. बाबा शिडी लावून वर चढले, कवेलू नीट बसवून उतरले. पिशवी खुंटीवर गेली. त्यानंतर मी दर पावसाळ्यात लागेल तसा एखादा कवेलू सरकवत गेले. स्वतःला फार हुशार समजत होते.

मग एका वर्षी स्टूल डगमगलं. मी आकडीसकट चिखलात, आणि एक कवेलू माझ्या कानाशेजारी फुटला. बाबा धावत आले. त्यांनी मला उचलून बसवलं, पाय चाचपला, सुजलेल्या घोट्यावर हळद-चुन्याचा लेप लावला. स्टूल, आकडी, फुटका कवेलू, सगळं त्यांच्यासमोर पडलं होतं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माह्यासाठी हातपाय मोडून घेतं काय वं?" बाबा म्हणाले. "आता कवेलूले हात लावू नको. मी राहतो."

मी रडायलाच लागले. मग विचारलं, "बाबा, तुमाले कधी समजलं?"

"पहिल्याच खेपेले. कवेलू घसरला त खाली येते, बाई. तुहा वर गेला होता."