बाराच्या जागी तेरा

मी जात्याच संशयी. नंदुरबारला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते तेव्हा पोरी मला टरकून असत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर मुलांच्या शाळेत, आणि तिथं कोण धाडतंय पोरीला!

त्या वर्षी चौथीच्या परीक्षेच्या वेळी शाळेमागं मिरच्या वाळत घातलेल्या. खकाण्यानं पोरी शिंकून बेजार. गणिताचे पेपर तपासायला घेतले आणि एक पाहून माझं डोकंच फिरलं. मिरचीच्या व्यापाऱ्याची पोर, वर्गात पहिली, पावकी-निमकी झोपेतही म्हणेल अशी. दहा गणितं होती. तिनं नुसतं लिहीत नेलं होतं: बारा, बारा, बारा. ना आकडेमोड, ना खाडाखोड. आधी वाटलं, शेजारणीचं पाहिलं. शेजारणीचा पेपर काढला, तर तो धड होता. मग म्हटलं, माझी थट्टा करतेस होय गं भवाने?

शून्य देणार, तोच सातव्या गणितावर नजर अडली. तिथं तेवढं तेरा होतं. आणि त्याचं खरं उत्तर होतं बारा.

अस्सं! म्हणजे बाईसाहेबांनी उत्तर बरोबर काढून मग टाळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला टेबलापाशी उभी केली. पाटी दिली तर हात हलेना. मग साडेतीनच्या पाढ्यातलं एकदम विचारलं, "दहा औटं?"

"पस्तीस!" तोंडून निसटलंच तिच्या.

सापडलीस, म्हटलं. मग दहाही गणितं तोंडी सोडवून घेतली. एक चुकलं नाही.

तेव्हा ती रडायला लागली. "बाई, पास व्हयनी ते मन्ही शाळा बंद. नापास करा ना."

मला तेही खरं वाटेना. मार चुकवायला कहाणी रचतेय, दुसरं काय! पास लिहिलं. चांगलं ठळक लिहिलं.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी तिचे वडील पेढे घेऊन आले. "तुमनी किरपा, बाई. पोर चौथी पास व्हयनी. आते घरनं काम शिकी."

"ती कुठाय?"

"घर शे. येवाले तयारच नही."

पेढा हातात तसाच धरून मी उभी राहिले. पेपरात दहाच्या दहा चूक होती. शून्य लिहायला माझं काय जात होतं!