उंटाचं काय झालं

नायकाने उंट मारला होता आणि ती पानं मला छपाईला जाऊ द्यायची नव्हती.

अमरावतीच्या एका लहान प्रकाशन संस्थेत मी संपादनाचं काम करते. संपादन म्हणजे लेखकाच्या चुका त्याला विचारून दुरुस्त करणं. इथे विचारायला कोणी नव्हतं. वाळवंटातली ही साहसकथा लिहिणारे सर दोन महिन्यांपूर्वीच वारले होते. दर्यापूरच्या शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता. सरांनी वाळवंट पाहिलेलं नव्हतं, वाचलेलं होतं. अशा जुन्या गोष्टींत तहानलेला प्रवासी उंटाचं पोट फाडून पाणी पितो. सरांच्या नायकानेही तेच केलं.

आमचे मालक म्हणाले, "मॅडम, लेखक गेला. आता कोनाले विचारता? जाऊ द्या छापाले."

"मुलं खरं मानतील. भूगोलाच्या सरांचं पुस्तक आहे."

"मंग काकूले विचारा. हक्क त्याईचा आहे."

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. दर्यापूरला एकट्याच असतात. मी तिथे गेले. माझं ऐकून म्हणाल्या, "त्याईनं लिहिलं ते लिहिलं. तू कावून हात लावून राहिली? नसन छापाचं तं वही वापस दे."

गावाबाहेर एका शेतात काठेवाडी लोकांचा तळ पडला होता. हे लोक मेंढ्या आणि उंट घेऊन वऱ्हाडात फिरतात. "त्यांना विचारून पाहू," मी म्हटलं. काकूंनी घराची किल्ली घेतली. चपला घालून निघाल्या.

तळावर एक म्हातारी उंटाच्या पाठीवरची बाज उतरवत होती. काकूंनीच विचारलं, "बाई, लय तहान लागली तं उंट मारून त्याच्या पोटातलं पानी पेता येते का?"

म्हातारीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोटात पानी कुठून, बेन? सडेला चारा राहते. पिशीन तं ओकशीन." मग बाज खाली टेकवत म्हणाली, "आन उंट मारला, तं घर कोनावर नेशीन?"

परतल्यावर काकू घराच्या फाटकाशी थांबून म्हणाल्या, "काढून टाक ते. पन त्याईच्या लिहिन्यात तुह्या मनची एक ओळ घालू नको."

मी अडीच पानं काढली. उंट वाचला. पण पुढच्या प्रकरणात नायक विहिरीपाशी एकटाच पोचतो आणि उंटाचा उल्लेख शेवटपर्यंत येत नाही. तो खड्डा मला दिसत होता. एका ओळीने बुजला असता. तेवढी मुभा मला नव्हती.

पुस्तक निघालं आणि पत्रं येऊ लागली. अकोल्याच्या एका शाळेतून तर अख्ख्या वर्गाची आली. बहुतेकांचा प्रश्न एकच, उंटाचं काय झालं? मी ती काकूंकडे नेऊन दिली. त्यांनी प्रत्येक मुलाला कार्ड लिहिलं: 'सरांनी सांगितलं नाही. मलाही ठाऊक नाही.'

एक गोष्ट मी काकूंना अजून सांगितलेली नाही. ते हस्तलिखित सर स्वतः ऑफिसात येऊन देऊन गेले होते. नंतर चार महिने ते माझ्या टेबलावर होतं. "वाचलं का?" म्हणून त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी "पुढच्या आठवड्यात, सर," म्हटलं. तेव्हा वाचलं असतं, तर हे पाच मिनिटांचं काम होतं.

आता आलेलं हस्तलिखित मी आठवड्यात वाचते, आणि शंका त्याच दिवशी विचारते.