एकही बार न उडवलेले साडू

अख्ख्या विदर्भात बंदुकीविषयी सगळ्यात जास्त बोललेला माणूस कोण, अशी कधी चौकशी झाली तर निकाल माझ्या थोरल्या साडूंच्या बाजूने लागेल, आणि त्यांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही हे कळल्यावर चौकशी करणारे डोक्याला हात लावून बसतील. बंदूक राहू द्या, दिवाळीत लवंगीची माळ लागली तरी हे गृहस्थ कानांत कापसाचे बोळे घालून आतल्या खोलीत जाऊन बसतात आणि दाराच्या फटीतून आम्हाला फटाक्याच्या दारूत काय काय असतं ते ओरडून सांगत राहतात. राहायला ते हुडकेश्वरला, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंड्यांचं दुकान लकडगंजात, आणि या दोहोंच्या मध्ये जो कोणी तावडीत सापडेल त्याला ते एकच गोष्ट सांगतात. ठासणीच्या जुन्या बंदुकीत, म्हणजे तोंडाकडून दारू ओतून गजाने ठासायच्या बंदुकीत, फक्त काळी दारू घालावी. काडतुसातली बिनधुराची दारू चुकूनसुद्धा घालू नये, नाही तर नळी फुटते आणि चालवणाऱ्याचा हात जातो, डोळा जातो, नशीब फारच वाईट असेल तर तोही जातो.

हे वेड त्यांना लागलं ते दुकानाशेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरामुळे. तो बंदुका दुरुस्त करायचा. त्याने एकदा त्यांना सोललेल्या केळ्यासारखी फाटलेली एक नळी दाखवली आणि ती कुणाची होती, त्याचं पुढे काय झालं, तेही सांगितलं. साडू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती नळी मागून आणली आणि गल्ल्यामागे टांगली. तेव्हापासून कडी घ्यायला आलेल्या सुताराला आधी नळी बघावी लागते, मग कडी मिळते.

आमच्या सासरच्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. बाकीचे लोक तिथे सकाळी फुलं आणि देव पाठवतात. साडू पाठवतात, ‘ठासणीच्या नळीत काडतुसाची दारू घालू नये.’ कुणाचा वाढदिवस असला तर खाली ‘अनेक आशीर्वाद’ जोडतात, एवढाच फरक. एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या काकाकडे कधीकाळी बंदूक होती असं निघालं, तर साडूंनी त्याला जिलबी थंड होईपर्यंत सोडलं नाही. आमच्या घरी एकदा कुकर पाहून त्यांना स्फुरण चढलं. काळी दारू उघड्यावर जाळा की कोंडून, तिचा वेग फारसा बदलत नाही. काडतुसातली मात्र उघड्यावर आळशासारखी जळते आणि कोंडली की दाबाबरोबर पिसाळत जाते, हे त्यांनी कुकरच्या झाकणावर हात ठेवून इतक्या तळमळीने समजावलं की आतलं वरण करपलं. मी तेव्हा फार वैतागलो होतो, हे कबूल करतो. एवढं सगळं सांगायचं ते कुणाला, तर आमच्या सगळ्या गोतावळ्यात ठासणीची बंदूक होती एकाच घरात.

ते घर आमच्या सासऱ्यांचं, पारशिवनीजवळच्या खेड्यातलं. रानडुकरांपासून पीक राखण्याचा रीतसर परवाना, बंदूक त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की सासरे शेतात जात आणि मातीच्या बांधावर छर्ऱ्यांचा एकच बार उडवत. गेल्या वर्षी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. पुढच्या साली हात उचलतो की नाही कोण जाणे, म्हणून हा बार झालाच पाहिजे, असं ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. पण काळी दारू कुठेच मिळेना. शेवटी मेहुण्याने मित्राकडून एक डबी आणली आणि पूजा उरकताच, काळ्या दारूच्याच जुन्या पितळी मापाने, वडिलांच्या डोळ्यांदेखत बंदुकीत दारू ओतलीसुद्धा, छर्रे तेवढे बाकी होते.

साडू हातपाय धुऊन आले तेव्हा डबी उघडी होती. त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. काळी दारू कोळशाच्या भरड चुऱ्यासारखी असते, ही चपट्या चकचकीत टिकल्यांसारखी होती. कुठली म्हणून विचारलं तर मेहुणा म्हणाला, मित्राने काडतुसं फोडून काढली, त्याने स्वतःच्या ठासणीच्या बंदुकीतून दोन बार उडवले, काही झालं नाही. साडूंना आयुष्यभर ज्या क्षणाची भीती होती तो समोर उभा होता. ते इतके उत्तेजित झाले की शब्द एकमेकांवर आदळू लागले. दोनदा वाचली म्हणजे नळी दोनदा दुखावली, असं काहीसं ते म्हणत होते, पण कोण ऐकतो? मग त्यांनी प्रयोग करायचा ठरवला. ताटलीत त्या दारूची चिमूट ठेवली, लांबून उदबत्ती लावली. आम्ही सगळे मागे सरकलो. दारू मंद पिवळी पेटली, जरा रेंगाळली आणि विझली. धूर नाही, आवाज नाही. अंगणभर हसू पसरलं. साडू जिवाच्या आकांताने सांगत होते की हेच तर तिचं सोंग आहे, पण सासऱ्यांनी भलताच निष्कर्ष काढला.

“हे तं फुसकी हाय गा,” ते मेहुण्याला म्हणाले, “एक माप अजून टाक.”

त्यांनी बंदूक काठीसारखी उभी धरली होती. मेहुणा मापाकडे वळला. त्या क्षणी साडूंनी चौरंगावरचा पूजेचा कलश उचलला, नारळ बाजूला केला आणि आतलं सगळं पाणी, आंब्याच्या एका पानासकट, नळीच्या तोंडात ओतलं. लवंगीला घाबरणारा हा माणूस भरलेल्या बंदुकीवर ओणवा झाला होता, आणि त्याच्या कानात कापूस नव्हता.

सासऱ्यांच्या धोतरावरून पाणी ओघळत होतं.

“जवाईबापू,” ते हळू म्हणाले, “माह्या बापाच्या बंदुकीत पानी ओतलं तुम्ही.”

“ओतलं मामाजी,” साडू म्हणाले. “आता नाही फुटत ते.”

सासऱ्यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि आत निघून गेले. त्यानंतर साडूंशी ते एक शब्द बोलले नाहीत. मेहुण्याने ग्रुप सोडला. साडूंच्या बायकोनेही, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, चार दिवस अबोला धरला. नळी फुटली असती तर ते खरे ठरले असते. फुटली नाही, म्हणून घरात कायमचे वेडे ठरले. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे पटवायचं कसं, याचा विचार मी तेव्हापासून बरेचदा केला आहे, आणि मला काही जमलेलं नाही. मी स्वतः त्या दिवशी हसणाऱ्यांत होतो, याची मात्र लाज वाटते.

यंदाही दसऱ्याला आम्ही गेलो. बार नव्हता. संध्याकाळी सासरे अंगणात बाजेवर बसून आपट्याचं सोनं वाटत होते. एकेक जण वाकत होता, ते पान हातावर ठेवून डोक्यावरून हात फिरवत होते. साडूंनी वाकून नमस्कार केला. सासऱ्यांनी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या मला पान दिलं.

आम्ही दोघं तुळशीपाशी येऊन उभे राहिलो. साडू मात्र हुरूपात होते, डोळे लकाकत होते.

“पाहून राहिले ना भाऊ तुम्ही?” ते माझा दंड धरून म्हणाले. “सोनं काय मस्त वाटून राहिले बुढा. एक पान खाली पडू देत नाही.”

मी माझं सोनं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते न बघताच घेतलं. त्यांची नजर अजून बाजेकडेच होती, सासऱ्यांच्या उजव्या हाताच्या पाच बोटांवर.