गुरुवारचा मुका फोन

सेइके मिसाओ ही बाई गप्प बसण्यासाठी जन्मलेलीच नव्हती. अठराव्या वर्षी ती जपानमधल्या उवाजिमाच्या एका सहल कंपनीत बसगाइड म्हणून लागली. निळी टोपी आणि पांढरे हातमोजे घालून, ड्रायव्हरशेजारी उभं राहून, प्रवाशांकडे तोंड करून ती पुढची एकतीस वर्षं बोलत राहिली. डावीकडे समुद्र, उजवीकडे संत्र्यांचे मळे, पुढच्या वळणावर अमक्या सरदाराचा किल्ला. गाइड गप्प झाली की प्रवासी झोपतात आणि प्रवासी झोपले की ड्रायव्हरलाही डुलकी लागते, असं तिला शिकवलं होतं, आणि ते तिने फारच मनावर घेतलं. नवऱ्याच्या अंत्यविधीला भिक्षूंचं पठण लांबलं तेव्हा मध्येच उठून दोन शब्द बोलावेसे वाटले होते, हे ती स्वतःच हसत सांगे.

त्या एकतीस वर्षांतली एकोणीस वर्षं तिच्या बसवर एकच ड्रायव्हर होता, ह्योदो इवाओ. हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर पुष्कळ. कंपनीतले लोक म्हणत, "ह्योदोच्या वाटचंही मिसाओच बोलून टाकते." आणखीही काही म्हणत, पण तिचा संसार होता, त्याचाही होता, आणि दोघांनी कधी वावगं पाऊल टाकलं नाही. निवृत्तीनंतर दर नववर्षाला एकमेकांना एक कार्ड, एवढंच उरलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडून एक छापील कार्ड आलं: वयोमानामुळे यापुढे नववर्षाच्या शुभेच्छा पाठवणं थांबवत आहोत, राग नसावा. हल्ली म्हातारी माणसं असं कार्ड पाठवतात, आणि ते आलं की समोरच्याने काही विचारायचं नसतं. मिसाओला वाईट वाटलं. फोन करून 'तब्येत बरी आहे ना?' असं विचारावंसं वाटलं. पण ज्याने सभ्यपणे दार लोटून घेतलंय, त्याच्या दारावर थाप कशी मारायची? तिने विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या वसंतात तिच्या मोबाइलवर मुके फोन येऊ लागले.

गुरुवार दुपार, तीनचा सुमार. पडद्यावर 'नंबर गुप्त' एवढंच. पलीकडे कुणी बोलेना.

"हॅलो, सेइके बोलतेय. कोण आहे? अहो, कोण बोलतंय?" मग तिचा पारा चढला. "मेल्या, तोंड नाही का तुला? म्हाताऱ्या बाईला छळून काय मिळतं रे?"

शेजारच्या तोयोकोने ऐकून कपाळाला हात लावला. "अगं, घर रिकामं आहे का बघत असतात चोर. उचलूच नकोस."

"माझ्या घरात चोरण्यासारखं काय आहे? मुळ्याचं लोणचं?" मिसाओ म्हणाली.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी ती ओट्याशी मुळाच चिरत होती. फोन उचलला, पलीकडे तीच शांतता, पण शांततेच्या आत कुणाचा तरी सावकाश, जड श्वास. मिसाओला शांतता सोसत नसे. "बरं, तू नाही बोलत तर मी बोलते," असं म्हणून तिने फोन खिडकीत टेकवला आणि सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर झोपणारं मांजर, तोयोकोने तळायला घेतलेली आणि अर्धी जाळलेली माशांची वडी, गल्लीच्या अध्यक्षांची नवी कवळी, जिच्यामुळे ते सगळ्यांशी शिट्टी मारल्यासारखे बोलतात. कवळीपाशी पलीकडून नाकातून हवा सुटल्याचा आवाज आला. हसू होतं ते. मिसाओ चाकू हातात धरून तशीच उभी राहिली.

मग तो नेमच झाला. बुधवारपासून ती गोष्टी गोळा करू लागली. गुरुवारी अडीच वाजता केस विंचरून ओठांना रंग लावू लागली. फोनवर कोण बघणार होतं, देव जाणे! कोण आहे हे तिने पुन्हा विचारलं नाही. आपल्यासारखंच कुणीतरी एकटं असेल, असं तिने धरून टाकलं. विचारलं तर फोन बंद होईल, ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर, आठवड्यातून एकदा आपलं कुणीतरी मन लावून ऐकतंय, या सुखापुढे तिला त्याच्या नावाची गरज वाटली नाही.

यंदाच्या एप्रिलात गल्लीची पाळी फिरत फिरत तिच्याकडे आली आणि ती अकरा घरांची गटप्रमुख झाली. पाळी आली की नाही म्हणता येत नाही. सूचनापत्रं फिरवायची, समाजघराची किल्ली सांभाळायची. यंदा त्यात भर पडली. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींना कुणीतरी 'आई, मी बोलतोय' म्हणत फोन करून लुबाडलं होतं. पोलिसदादांचं भाषण झालं आणि ठरलं, की प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने नंबर लपवणारे फोन बंद करून घ्यायचे आणि तसं केल्याची पिवळी चिठ्ठी दारावर लावायची. मिसाओने घरोघर जाऊन, आपल्या गोड आवाजात समजावून, दहा दारांवर चिठ्ठ्या लावून घेतल्या. अकरावं दार तिचंच.

ती टाळत राहिली. चष्मा सापडत नाही, मोबाइल बिघडलाय, उद्या बघू. सप्टेंबरात अध्यक्ष याकुशिजी बुधवारी सकाळी दारात येऊन उभे राहिले.

"सेइके-सान, अहो, गटप्रमुखाचंच दार कोरडं! मी वर कळवू तरी काय?"

"मला एक फोन येतो हो. ओळखीचा आहे."

"नाव काय त्यांचं?"

तिला नाव सांगता येईना. म्हातारी खुळावली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ते मवाळ आवाजात म्हणाले, "ज्याला खरंच बोलायचंय, तो नंबर दाखवून करेल की नाही? तुमच्याच शब्दावर बाकीच्या घरांनी केलंय हे."

तिने मोबाइल पुढे केला. त्यांनी चार आकडे दाबले आणि चिठ्ठी चिकटवली. मिसाओने वाकून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती केस विंचरून बसली होती. वाजणार नाही हे ठाऊक असून बसली होती. एक-दोनदा वाटलं, हा बंदोबस्त काढून टाकावा. पण अकरा घरांची यादी वर गेली होती, आणि गल्लीत कळलं असतं तर मान वर करायची सोय नव्हती. शिवाय याकुशिजींचं बोलणं मनात रुतलं होतं. अडीच वर्षं मी जीव ओतून बोलले, त्याला साधा नंबर दाखवता येत नाही? ती रुसली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नाव माहीत नसलेल्या माणसावर.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक पाकीट आलं. आत करड्या काठाचं कार्ड होतं, घरात सुतक असल्याने यंदा नववर्ष साजरं करत नाही, असं कळवणारं. वडील ह्योदो इवाओ नोव्हेंबरात वारले. वय एक्याऐंशी. सोबत त्यांची मुलगी चिहारु हिचं हाताने लिहिलेलं पत्र.

"बाबांना तीन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समज मात्र शाबूत होती. कार्डं थांबवल्याचं मीच सगळ्यांना कळवलं. कुणाच्या जिवाला घोर नको, म्हणून आजाराचं लिहिलं नाही. त्यांच्या पाकिटात तुमचं एक जुनं कार्ड सापडलं, त्यावर तुम्ही मोबाइल नंबर लिहिलेला. वृद्धाश्रमातल्या बाई सांगतात, दर गुरुवारी आंघोळ झाली की ते तिथल्या फोनवरून डाव्या हाताने एक नंबर लावत. तिथून केलेल्या फोनचा नंबर दिसत नाही. बाईंना वाटे, ते मला फोन करतात. सप्टेंबरनंतर ते एकदा नाही, पाच-पाच, सहा-सहा वेळा लावायचे. शेवटी बाईंनी आपल्या कानाला लावून पाहिलं, तर नुसती सूचना वाजत होती. 'आजोबा, इथे कुणी नाही हो,' असं त्यांनी सांगितलं, तरी ते शेवटच्या गुरुवारपर्यंत लावत राहिले. यात तुम्हाला त्रास झाला असेल, तर बाबांच्या वतीने मी माफी मागते."

मिसाओ पायरीवर बसली. तिला आधी रडू आलं नाही, राग आला. याकुशिजींचा, चिहारुच्या छापील कार्डाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या सभ्यपणाचा. तीन वर्षांपूर्वी एक फोन केला असता, तर कुणी फासावर चढवलं नसतं. ज्याची वाचा गेली होती, त्याला ती 'तोंड नाही का तुला' म्हणाली होती. आणि तरी पुढच्या गुरुवारी त्याने पुन्हा फोन केला होता.

मग तिला एकच गोष्ट कळायला हवीशी वाटली. सप्टेंबरपासून त्याने काय ऐकलं?

ती समाजघरात गेली. भर दुपारी तिथे कुणी नव्हतं. मोबाइल टेबलावर ठेवून तिने तिथल्या फोनवरून, नंबर लपवायचे तीन आकडे आधी दाबून, स्वतःचाच नंबर लावला.

"आपण नंबर न दाखवता फोन करत आहात. कृपया आपला नंबर दाखवून पुन्हा फोन करावा."

तरुण बाईचा आवाज. गोड, घोटवलेला, शब्दाशब्दावर वाकणारा. एकतीस वर्षं ती स्वतः ज्या आवाजात बोलली, तोच. त्याला क्षणभर तरी वाटलं असेल का, की ही मीच बोलतेय? आणि मग सबंध शरद ऋतूभर, तीन महिने, मीच त्याला अदबीने दारातून परत पाठवतेय, असं वाटलं असेल का?

सूचना दोनदा वाजली आणि फोन आपोआप तुटला. तिने पुन्हा लावला. या वेळी ती सूचनेच्या वरताण मोठ्याने बोलू लागली, "ह्योदो-सान, मी मिसाओ. मी घरीच आहे हो. रोज घरीच होते. ऐकू येतंय का?" तिचा आवाज फाटला तरी ती थांबली नाही. टेबलावरचा मोबाइल वाजला नाही.