पोळ्याच्या आवतनातलं पाखरू

माझ्या मामानं इंझोरीच्या वावरात इमू पाळला होता, हे मी वाशीमच्या लोकांना सांगतो तेव्हा ते आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या पेल्यात चहाच आहे ना ते बघतात. बघू द्या. त्या पाखराची मान एवढी लांब होती की आपल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून ते मानोऱ्याच्या बाजारातली वांगी निवडायचं. हे थोडं वाढवून झालं असेल. पण कुंपणावरून मान टाकून ते शेजाऱ्याचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, खायचं, हे मी स्वतः पाहिलंय. शेजारी सांभाराचा वास आला तरी दात-ओठ खायचा, तेही पाहिलंय.

मामा भाजीपाला करतो, मामी तो मानोऱ्याच्या बाजारात विकते. जमीन थोडी आणि वाफे अरुंद. ट्रॅक्टर आत घातला तर निम्मं पीक चाकाखाली जातं. म्हणून सगळा कारभार एका बैलजोडीवर, डावीकडे ढवळा आणि उजवीकडे तांबडा. तांबड्याची माय तो अगदी गोऱ्हा असताना मेली, तेव्हा मामीनं बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवला. तिच्या बांगड्या वाजल्या की तो अजूनही रवंथ थांबवतो. मामानं घसा फाडला तरी कान हलवत नाही. मामा म्हणतो, "या घरचा घरजवाई मी हाओ का तो, हेच मले अजून समजलं नाई."

त्या वर्षी वानरांनी नुसता धुमाकूळ घातला होता. टमाटा लाल व्हायची वाट आम्ही बघायचो आणि खायची ती. धनजकडे कोणीतरी इमूचा धंदा मांडला होता, तो कधीच बसला होता, आणि आता शेड मोडून जाळी विकायला काढली होती. मामा कुंपणासाठी जाळी आणायला गेला आणि जाळीच्या आतलं घेऊन आला. भाजीवर सांभाराच्या दोन काड्या फुकट टाकाव्यात, तसं त्या मालकानं शेवटचं उरलेलं पाखरू जाळीवर टाकून दिलं होतं. गाडीतून ते उतरलं तेव्हा मामी अंगणात होती.

"हे काय आणलं तुमी?"

"कोंबडी."

"कोंबडीले असे पाय असते काय?"

"मोठी कोंबडी हाय."

"अंडे देते?"

"नर हाय तो," मामा म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

पण खोटं कशाला बोलू, पाखरू कामाचं निघालं. वानरांची टोळी बांधावर उतरली की ते पळत सुटायचं. धूळ उडायची, पिसं फुलायची, आणि वानरं जी पळायची ती कारंजा गावाच्या अलीकडे थांबायची नाहीत. रोही, म्हणजे नीलगाई, तर त्याची मान दुरून दिसली तरी रस्ता बदलायचे. आजूबाजूच्या तांड्यांवरून माणसं बघायला यायला लागली. मामा त्यांना चहा पाजायचा, पाखराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि सांगायचा, "ऑस्ट्रेलियाचं हाय. मराठी समजते."

मराठी त्याला समजत नव्हती. वऱ्हाडी तर त्याहून नाही. पाणी साठवायच्या टिनाच्या ड्रमाला त्यानं एक लाथ मारली, तर ड्रमाला असं भोक पडलं की मामी त्यातून आता तूर चाळते. शेजाऱ्याचं कुत्रं तर त्यानं असं उडवलं की ते खाली येईपर्यंत त्याला पिल्लं झाली, असं मी सांगत असतो. यातलं भोक खरं आहे. बोटाएवढं नख होतं त्या पायाला.

मामी ते भोक बघून म्हणाली, "एक दिवस हे कोनाचं तरी पोट फाडन. याले देऊन टाका कुठंतरी."

"मले वळखते ते."

"तुमाले वळखते, का तुमच्या हातातल्या मक्याले?"

मामा हसला. त्याचं त्या पाखरावर खरंच मन बसलं होतं. मूलबाळ नसलेला माणूस, घरात आलेल्या सगळ्याला पाठीवर हात फिरवून बघतो. पाखरू पाठीवर हात फिरवू द्यायचं. तेवढ्यावरून मामानं ठरवून टाकलं की ते आपलं झालं.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. ज्या खांद्यावर वर्षभर जू बसतं, त्याला कोमट तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि बैलाच्या कानाशी आवतन द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी त्यासाठीच वाशीमहून गेलो होतो, आणि मामीच्या पुरणासाठी. बैलांच्या कोठ्यात शिरतो तर पाखरूही तिथं. एका पायाला दावं, दावं तांबड्याच्या शेजारच्या खुंट्याला.

"मामा, याले काहून बांधलं इथं?"

"ज्यानं माह्या वावरात घाम गाळला त्याचा मान हाय आज. बैलाले आवतन आन् याले नाई? ते काय म्हनन मनात?"

"त्याच्या मनात तुमी नाई. भाशेबुवा, तुमी तरी समजावा याईले," मामी तूप-हळदीची वाटी घेऊन येत म्हणाली आणि मामाकडे वळली. "याले खांदा तरी हाय काय? शेकता काय तुमी?"

"मांडी. कामाचं ज्यानं होते तेच शेकाचं."

मला हसू आलं. समजावलं मी काहीच नाही.

ढवळ्याचं झालं. तांबड्यानं तर शेक घेताना डोळे मिटले, मामीच्या पदराला नाक लावून उभा राहिला. बैल माणसाजवळ पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. दावं, हळद, ढोल, गर्दी, सगळं त्याच्या रक्तात मुरलेलं आहे. त्या पाखराच्या रक्तात मोकळं माळरान होतं आणि त्यावरून सुटायचं एवढंच. गावात कोणीतरी पोळ्याचा ढोल तापवून बघत होतं. मामानं हळदीचा गरम हात पाखराच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आज आवतन घ्या," एवढंच त्याचं बोलून झालं.

पाखरानं उडी मारली, दावं ताणलं गेलं, मामा बाजूला पडला, आणि पाय समोर गेला. समोर तांबडा होता. आवाज फार झाला नाही. उजव्या खांद्यावर, नेमकी जिथं हळद लावली होती तिथंच, कातडी वीतभर उघडली. तांबडा ओरडला नाही. मान वळवून मामीकडे बघत राहिला.

मामा आजही सांगतो की तांबड्यानं धन्याला वाचवायला मध्ये खांदा घातला. मी तिथंच उभा होतो. तांबडा तुपाच्या वाटीकडे वळला होता. पण ही एक गोष्ट मी मामाच्या पद्धतीनंच राहू दिली आहे.

जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातले, हात धुतले आणि मामीनं विचारायच्या आधीच सांगितलं, "जखम भरेल. पण जागा जुवाची आहे. कातडी कडक होऊन दुखत राहिली, तर जू सहन होणार नाही. आज मी काही सांगू शकत नाही."

"मंग याचं काय होईन?" मामी म्हणाली. एका बैलावर वावर होत नाही, आणि तांबडा विकायचं नाव तिच्यापुढं काढेल असा माणूस जिल्ह्यात जन्मला नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहिले, आमचे नाही. जोडी फोडायची नाही म्हणून ढवळाही घरीच राहिला. मामीनं कोठ्यात बसून तांबड्याला पुरणपोळी भरवली. मामा पाखराकडे गेला. ते कोपऱ्यात अंग चोरून उभं होतं आणि दाव्यानं त्याचा पाय सोलून निघाला होता. मामानं लांबूनच बघितलं.

"याची काही चुकी नाई, भाशेबुवा," तो म्हणाला. "हे भेलं. मी त्याले कोंबडी समजलो, मंग बैल समजलो. ते कोन हाय हे त्याले कोनी इचारलंच नाई."

"मंग आता?"

"जाऊ दे त्याले. याच्यापरीस जास्त मी त्याले समजू शकत नाई."

जाऊ दे म्हणणं सोपं होतं. सोडून द्यावं तर कोणाच्या तरी पोराच्या अंगावर जाईल, आणि इथल्या रानात त्याचं कोणीच नाही. मामानं किती जणांना फोन लावले, तो किती ठिकाणी जाऊन उंबरे झिजवून आला, त्याची गोष्ट मी सांगितली तर वाशीमपासून अकोल्यापर्यंतच्या उंबऱ्यांचं लाकूड संपेल. अखेर अनाथ जनावरं सांभाळणाऱ्या एका जागेचे लोक गाडी घेऊन आले. मोठं कुंपण, पळायला जागा आणि सोबतीला आणखी दोन इमू आहेत, असं त्यांनी सांगितलं. डोक्यावर काळं फडकं टाकल्यावर पाखरू शांत झालं. मामीनंच गाडीत मक्याचं पोतं टाकलं. मामा गाडी वळेपर्यंत उभा राहिला, मग नळ चालू करून हातपाय धुवत बसला, बराच वेळ.

तोवर वाफ्यांची मशागत आम्ही हातानं केली. मी सुट्टीच्या दिवशी जायचो आणि रात्री वाशीमला माझी पाठ माझ्याशी बोलायची नाही. टाके निघाले. केस उगवले, पण पांढरे. मामी रोज त्या जागेवर बोट दाबायची आणि तांबड्याचा कान बघायची. कान मागे गेला की मामा जू परत भिंतीला टेकवून ठेवायचा.

मग एका सकाळी कान हलला नाही. मामीनं आपल्या जुन्या लुगड्याची जाड गादी शिवून ठेवली होती, ती जुवाखाली बांधली. मामानं जू उचललं, पण तांबड्याजवळ न्यायची त्याची हिंमत होईना. तसाच धरून उभा राहिला.

"ढवळ्यावर ठेवा," मामी म्हणाली. "त्याले ठरवू द्या."

मामानं जू ढवळ्याच्या मानेवर ठेवलं आणि दुसरं टोक हातात झेलून धरलं. तांबडा थोडा वेळ बघत राहिला. मग दोन पावलं पुढं आला आणि मान खाली घालून आपणहून आत शिरला.

"चाला आता," मामी म्हणाली, "पालकाचे वाफे नांगराविना पडून राह्यले."

मामा निघाला. त्या दिवशीची नांगराची तासं एवढी वाकडी निघाली की त्यात पेरलेला पालक अजून सरळ उगवत नाही. कोणी विचारलं, तर मामा सांगतो की डोळ्यात कचरा गेला होता.