रखमाजींचं नरसाळं

उत्रोलीत भांडण झालं की कोर्टकचेरी कुणी करत नसे, सगळे रखमाजींकडे जात. रखमाजी कानांनी भलतेच जड. तक्रार त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलून सांगावी लागे, तीही तीनतीनदा. मी स्वतः गेलो होतो. "शेजारच्या नाथाची म्हस माज्या दाराकडं त्वांड करून रवंथ करती." पहिल्यांदा ओरडलो तेव्हा अंगात संताप होता. दुसऱ्यांदा ओरडलो तोवर पारावर माणसं जमली. तिसऱ्यांदा माझी मलाच लाज वाटली आणि मी मुकाट घरचा रस्ता धरला. रखमाजींना वाटे, आपला न्यायच चोख. आम्हालाही तसंच वाटे.

पस्तीस सालच्या सुमारास भोरच्या एका डॉक्टरांनी त्यांना पत्र्याचं लांबट नरसाळं करवून दिलं. रुंद तोंड बोलणाऱ्याकडे धरायचं, निमुळतं टोक कानात. इकडेतिकडे जाणारा आवाज गोळा होऊन आत शिरतो. गेलेला कान काही परत येत नाही, पण उरलेल्याला आधार होतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं.

पहिल्या दिवशी रखमाजींनी स्वतःच्या बोकडाचं ओरडणं ऐकलं. "ह्यो असा वरडतो व्हय," म्हणाले आणि दुपारपर्यंत त्याच्यापुढेच बसून राहिले. मग बायकोनं, सगुणाबाईंनी, साध्या आवाजात "जेवता का?" विचारलं आणि त्यांनी "व्हय" म्हटलं. ओरडून ओरडून त्या बाईचा घसा कायमचा बसला होता. तिनं पदरानं डोळे पुसले.

घोटाळा झाला तो पारावर. लोक आता ऐसपैस मांडी घालून नरसाळ्यात कुजबुजू लागले. कुजबुजायला कसली लाज? म्हशीची तक्रार मी पुन्हा नेली, या खेपेला नाथाच्या आज्यापासून सुरुवात करून. रखमाजींना दोन्ही बाजू खऱ्या वाटत. महिन्याभरात एक तंटा मिटला नाही, उलट वेल्ह्याकडचे धनगरही मेंढरांची गाऱ्हाणी घेऊन खाली उतरले. लोक म्हणू लागले, म्हातारा चळला, पुढल्या वेळी सारोळ्याच्या चिमाजीकडे जाऊ. ते रखमाजींनी ऐकलं, कारण नरसाळं कानाला होतंच.

पंच म्हणून मिळणारा मान, एवढीच त्या माणसाची आयुष्यभराची कमाई. तो मान जाताना बघून ते उठले आणि नरसाळं नीरेत फेकायला निघाले. तमाशा बघायला मी मागोमाग गेलो. सगुणाबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं, नरसाळं हिसकावलं आणि त्यांच्या कानाला लावलं.

"आवो, तुमास्नी ऐकू येत न्हवतं, तवा मान्सं सोताचं ऐकत हुती. पारावर लावू नगा ह्ये."

"मंग ठिवू कशाला?"

"घरी लावा. बारा वर्सं म्या वरडून भांडले. आता उरल्याली हळू भांडू द्या."

नरसाळं कानाला तसंच धरून रखमाजी तिच्या मागोमाग घरी गेले.